येळवसेच्या सकाळची शिट्टी

मित्रांनो, माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे, वाटाण्याच्या दाण्याएवढी. ती नाचली की मी वाजते आणि ती अडली की माझी वाचाच बसते. भालकीच्या एका शाळेत मी तीस वर्षे काढली. वाजले, अडले, विसरले गेले, पुन्हा सापडले. आता खेळाच्या खोलीत भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगलेली असते. नवी पोरे विचारतात, "ही जुनी पितळी शिट्टी कशाला जपलीय?" त्यांना कोणी नीट सांगत नाही. म्हणून म्हटले, आपणच सांगावे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाख देऊन जोडला, पोटात गोळी टाकली आणि एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओठांना लावून पाहिले. मी अशी काही किंचाळले की शेजारच्या माणसाच्या हातातला हातोडा खाली पडला. कारागीर खूश झाला. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, एका बॉलच्या आणि दोन जाळ्यांच्या संगतीने मी रेल्वेने भालकीला आले. साल होते एकोणीसशे अठ्ठावन्न. बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात येऊन दोनच वर्षे झाली होती. शाळेतली पोरे मराठीत पाढे म्हणत, कन्नडात सही करायला शिकत आणि भांडण जुंपले की उर्दूवर येत. खेळताना मात्र तिन्ही भाषा एकदमच चालत.

बास्केटबॉलचे मैदान म्हणजे काळ्या मातीवर पसरलेला मुरूम. खांब होते बोअरिंगच्या जुन्या पाइपांचे, फळ्या आंब्याच्या, आणि रिंगा गावच्या लोहाराने ठोकलेल्या. त्यातली एक रिंग बोटभर खाली कललेली होती. बाहेरचा संघ आला की आमची पोरे त्याच बाजूची रिंग मागून घ्यायची. लबाड कुठली!

मला गळ्यात घातले ते शाळेच्या ड्रिल मास्तरांनी, अमृतप्पांनी. त्यांचा आवाज असा की मैदानावर "सावधान" म्हटले तर बाजारातला केळीवाला ताठ व्हायचा. खरे तर त्यांना माझी गरज नव्हतीच. त्यांच्या हातात शिंदीची छडी असायची आणि सगळे काम तीच करायची. मी आपली दागिन्यासारखी छातीवर. पोरे त्यांना पाहिले की खांबासारखी उभी राहायची आणि त्यांची पाठ फिरली की माकडांना लाजवायची. पण मला तेव्हा एवढी अक्कल कुठे होती? मला वाटायचे, ही सगळी शिस्त माझ्याच आवाजाची. दहा वर्षे मी त्या गर्वात काढली.

अडुसष्ट साली आमच्या पोरांनी जिल्ह्यात पहिला नंबर काढला. डिसेंबरच्या तेवीस तारखेला गुलबर्ग्याला विभागाचा सामना होता. भालकीचा संघ तिथवर कधी गेला नव्हता. आणि नेमके दिवाळीत उदगीरच्या रस्त्यावर अमृतप्पा सायकलवरून पडले. पाय मोडला. तीन महिने प्लास्टर.

संघ कोण सांभाळणार? हेडमास्तर पांडुरंगरावांनी नागनाथ सरांना बोलावले. हे आमचे गणिताचे नवे शिक्षक, वय चोवीस-पंचवीस, नेमणूक हंगामी. ठाणाकुशनूरच्या मारोती नावाच्या शेतमजुराचा हा मुलगा. घर बौद्ध. औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकले आणि तिथेच कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळले. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक.

ते अमृतप्पांना भेटायला गेले, तेव्हा मास्तरांनी खाटेवरूनच मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिले आणि छडीकडे बोट दाखवले. "तीबी घेऊन जा. पोरं मारल्याबिगर ऐकत न्हाईत."

"शिट्टी पुरं हाय, अण्णा," नागनाथ सर म्हणाले.

अमृतप्पा हसले. "बघू की."

पहिल्याच दिवशी मला कळले की माझे दिवस फिरले आहेत. पूर्वी मी दिवसातून चार वेळा वाजायचे. नागनाथ सरांनी मला तासात चाळीस वेळा वाजवले. पोरे बॉल सोडायला तयार नाहीत, फुर्र! पोरे रांगेत उभी राहात नाहीत, फुर्र! पोरे माझ्याकडे कावळ्याच्या ओरडण्याइतकेही लक्ष देईनात. संघाचा कर्णधार होता ईरण्णा. नववीत होता पण दरवाजाच्या चौकटीएवढा उंच, आणि बॉल त्याच्या हातात आला की दुसऱ्याला तो दिसायचाही नाही. हा पठ्ठ्या सरावाला यायचा अर्धा तास उशिरा, हातात उसाचे कांडे घेऊन. त्यानेच सरांचे नाव पाडले, "टेंपररी सर". आठ दिवसांत ते सगळ्या शाळेत झाले.

आणि मग चिंचेचा प्रकार झाला. सर फळा पुसायला वर्गात थांबले तेवढ्यात कोणीतरी मला टेबलावरून उचलले, माझ्या तोंडात पिकली चिंच कोंबली आणि पुन्हा होते तिथे ठेवले. मैदानावर सरांनी मला ओठांना लावले आणि जोराने फुंकले. फुस्स. पुन्हा फुंकले. फुस्स! पोरे पोट धरून हसली. मित्रांनो, माणसाचा श्वास शिट्टीइतका जवळून कोणी पाहात नाही. तो श्वास थरथरत होता. त्या क्षणी सरांच्या हातात छडी असती तर त्यांनी ती नक्की मोडली असती, पोरांच्या पाठीवर.

पण त्यांनी काय केले, तर कुंपणाच्या बाभळीचा एक काटा तोडला, रिंगखाली मांडी घालून बसले आणि माझ्या पोटातली चिंच कण कण करून काढू लागले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पोरांचे हसू विरले. कोणी बॉलकडे हात नेला तर सर नुसते वर बघायचे. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग त्यांनी मला रुमालाने पुसले, एकदाच वाजवले आणि म्हणाले, "साडेपाच झाले. सराव संपला. उद्या पावणेपाचला या."

"पर सर, आमी खेळलोच न्हाई!" एकजण कळवळून म्हणाला.

"मीबी शिकवलो न्हाई," सर म्हणाले. "आजचा दिवस चिंचेनं खाल्ला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम सांगितले. सराव पावणेपाचला. उशिरा येईल त्याला त्या दिवशी बॉल मिळणार नाही. आणि न सांगता जो गैरहजर राहील, तो पुढच्या सामन्यात उतरणार नाही, मग तो कोणी का असेना. "अडचण आसल तर सांगा. मी तुम्हाला खाणार न्हाई. पर सांगा."

ईरण्णाला वाटले, बोलतो बिचारा. तो तिसऱ्या दिवशी वीस मिनिटे उशिरा आला आणि सरांनी त्याला रेषेबाहेर बसवले. पुढच्या दिवशीही. कर्णधाराशिवाय पोरे तासभर खेळली आणि तो बांधावर बसून ऊस चघळत राहिला. पाचव्या दिवशी ऊसही गेला आणि उशीरही गेला. मी खूश झाले. वाटले, जमले! अहो, वेळेवर येणे वेगळे आणि माणसाला आपले मानणे वेगळे, हे मला शिकायचे होते.

त्या वर्षी येळवस आली डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या मुलखात गावात कोणी राहात नाही. जो तो आपल्या रानात जातो, कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटे, करून लक्ष्मी मांडतो, उभ्या पिकाला आंबील शिंपतो आणि मग शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे यांची पंगत बसते. ज्याला रान नाही त्याला कोणीतरी बोलावून नेतो. शाळेला सुट्टी असते ती त्यासाठीच.

मंगळवारी सराव संपताना नागनाथ सर म्हणाले, "सोमवारी सामना हाय. गुरुवारी शाळेला सुट्टी हाय, तर सकाळी सातला सराव. दोन तास. काय अडचण?"

नऊ पोरांनी एकमेकांकडे पाहिले. ईरण्णा बॉलवरची धूळ पुसत राहिला. मला तर ओरडावेसे वाटले, अहो सर, गुरुवारी येळवस! पण कोणी फुंकल्याशिवाय शिट्टीला बोलता येत नाही. पोरांना मात्र येत होते. पण दहा वर्षांची छडी त्यांच्या अंगात मुरली होती. मास्तरांसमोर तोंड उघडायचे नाही, मागून हवे ते करायचे, हीच त्यांना ठाऊक असलेली शिस्त. सरांनी त्यांचे गप्प बसणे हाच होकार समजला.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही दोघे मैदानावर होतो. थंडी बोचत होती. सरांनी घड्याळ पाहिले आणि मला वाजवले. माझा आवाज रिकाम्या मैदानावरून गेला आणि पलीकडच्या भिंतीला लागून परत आला. रस्त्याने बैलगाड्या चालल्या होत्या. घोंगडी पांघरलेली माणसे डोक्यावर आंबिलीच्या बिंदग्या, म्हणजे छोट्या घागरी, घेऊन झपझप रानाकडे निघाली होती. साडेसात झाले. एकही पोर नाही.

एका गाडीतून हेडमास्तर पांडुरंगराव उतरले. तेही सहकुटुंब कोणाच्या तरी रानात निघाले होते. "अहो नागनाथराव, आज येळवस! आज गावात कुत्रंसुद्धा राहात नाही, आणि तुम्ही सराव ठेवलात? तुम्ही तर इथलेच ना?"

"ठाऊक होतं सर," नागनाथ सर म्हणाले. "पण आमच्या घराला रान नव्हतं. आमची येळवस म्हणजे दुसऱ्याच्या रानात सरपण वाहून न्यायचा दिवस. छप्पन सालानंतर वडिलांनी तेही सोडलं. मला हा दिवस नुसता सुट्टीचा वाटतो. दुसऱ्याला तसा वाटत नसेल, हे डोक्यातच आलं नाही."

पांडुरंगराव माणूस वाईट नव्हता. हलक्या आवाजात म्हणाले, "नऊच्या नऊ गैरहजर. आता तुमचा नियम पाळलात तर संघ नाही आणि नाही पाळलात तर नियम नाही. माझं ऐका, या वेळी शब्द गिळा. हंगामी माणसाने एवढं ताठ राहू नये." आणि ते गाडीत बसून गेले.

सर हलले नाहीत. सराव नऊपर्यंत होता, म्हणून ते नऊपर्यंत थांबले. एकटेच कललेल्या रिंगमध्ये बॉल टाकत राहिले. माझी दोरी त्यांच्या मानेवर घामाने ओली झाली. मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला. नऊ वाजता त्यांनी मला एकदा वाजवले, सराव संपल्याची खूण म्हणून, आणि बॉल काखेत मारून चालू लागले, थेट ईरण्णाच्या रानाकडे. दोन कोस.

रानात हरभरा घाट्यावर आला होता. कोपीपुढे माणसांची गर्दी. ईरण्णाच्या घरच्यांनी निम्मा संघच जेवायला बोलावला होता. सर बांधावर दिसले आणि पोरांच्या हातातले उंडे हातातच राहिले. ईरण्णा उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

त्याची आजी गुरुबाई पंगतीला वाढत होती. सत्तरीची, पण आवाज असा खणखणीत की मला हेवा वाटावा. "बा अप्पा, बा! ये, ये! येळवसेला आलेला मानूस उपाशी जात न्हाई. बस. कुनीकडचा रं तू?"

"ठाणाकुशनूरचा. मारोतीचा पोरगा."

"मारोती? खळ्याला यायचा त्यो? उंच गडी?"

"व्हय, आजी. मीबी आलतो एकदा त्याच्यासंगं. ह्याच रानात, येळवसेलाच. सात-आठ वर्षांचा आसंल. डोक्यावर सरपण व्हतं." सरांनी बोट केले. "तवा तिकडं, बांधाच्या पल्याड बसून जेवलतो."

पोरांनी त्या बांधाकडे पाहिले. तो बांध त्यांनी जन्मभर पाहिला होता, पण तो असा त्या दिवशी पहिल्यांदाच दिसला असेल. गुरुबाईने हातातले भांडे खाली ठेवले, पंगतीच्या मधोमध पाट मांडला आणि म्हणाली, "हितं बस. ईरण्णा, तुझं ताट हिकडं आन. सराच्या मांडीला मांडी लावून बस."

सर बसले. पोटभर जेवले. आंबील दोनदा मागून घेतली. ईरण्णा मात्र ताटातला उंडा नुसता कुस्करत राहिला, कारण त्याला ठाऊक होते की हा माणूस दोन कोस जेवायला आलेला नाही.

हात धुऊन झाल्यावर सरांनी पोरांना कोपीमागे बोलावले. "चुका दोन झाल्या," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच बारीक, पण या वेळी त्यात थरथर नव्हती. "एक माझी. दिवस ठरवताना मी तुमच्या घरचं काही इचारलो न्हाई. दुसरी तुमची. तुम्हाला सगळं ठाऊक व्हतं आन् नवातल्या एकानंबी तोंड उघडलं न्हाई. मी काय म्हनलो व्हतो?"

"न सांगता गैरहजर ऱ्हाईल त्यो सामन्यात न्हाई," कोणीतरी पुटपुटले.

"मंग सोमवारी तुमी खेळनार न्हाई. एकबी न्हाई."

ईरण्णा भडकला. "मंग कोन खेळनार? सर, जिल्ह्यात पैला नंबर काढलाव आमी! तुमी काय, अण्णाचा पाय बरा झाला की जानार. टेंपररी मानूस तुमी. साल आमचं वाया जायलंय!"

"मी टेंपररी हाय," सर म्हणाले. "दिलेला शब्द टेंपररी न्हाई."

ईरण्णाने आशेने आजीकडे पाहिले. गुरुबाई कोपीआडून सगळे ऐकत होती. ती पुढे आली आणि नातवावरच डाफरली. "येळवस हाय म्हनून सांगायला जीभ झडली व्हती का तुझी? त्यो मानूस थंडीत एकला हुभा ऱ्हायला आन् तू हितं उंडे गिळायलास!"

"आन् माझी चूक ऱ्हायली," सर म्हणाले. "त्याची शिक्षा मला. सोमवारी मी संघासंगं बाकावर बसनार न्हाई. गुलबर्ग्याला आठवीतली पोरं खेळतील. त्यांना तीन दिवस शिकवायचं आन् सामन्यात सांभाळायचं काम ईरण्णाचं." असे म्हणून त्यांनी मला गळ्यातून काढले आणि ईरण्णाच्या गळ्यात घातले. त्याच्या छातीचे ठोके माझ्यावर हातोडीसारखे पडत होते.

हेडमास्तरांनी संध्याकाळी खूप समजावले. शाळेची अब्रू जाईल म्हणाले. सर म्हणाले, "हरल्याने जाणारी अब्रू पुढच्या वर्षी परत आणता येते, सर." पांडुरंगरावांनी बराच वेळ पेन हातात फिरवले, आणि मग नव्या नावांच्या यादीवर सही केली.

मित्रांनो, पुढचे तीन दिवस मी विसरणार नाही. आठवीची पोरे म्हणजे टोपलीतले खेकडे. त्यांच्यात मडिवाळप्पा नावाचा एक गोलमटोल पोरगा होता. तो बॉल मिळाला की काखेत धरून सरळ पळत सुटायचा. ईरण्णाने मला गाल फुगवून फुगवून वाजवले. पहिल्या दिवशी शंभर वेळा तरी. पोरे हसली. मडिवाळप्पा म्हणाला, "तू काय सर हाईस का? तीन दिवसाचा तर हाईस." मला हसूच आले.

दुसऱ्या दिवशी ईरण्णा रडकुंडीला येऊन सरांकडे गेला. सर लिंबाखाली बसून गणिताच्या वह्या तपासत होते. "सर, ऐकत न्हाईत हो माझं. कितीबी वरडा, ऐकतच न्हाईत!"

"मलाबी दीड महिना हेच म्हनायचं व्हतं," सर वहीतून मान वर न काढता म्हणाले.

ईरण्णा पाय घासत उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "चिंच मीच कोंबलतो, सर."

"ठाऊक हाय. तुझ्या बोटाला लागली व्हती." सरांनी वही मिटली. "शिट्टी कमी वाजव. आन् त्या जाड्याला पळू नको म्हनू नको. पळायच्या आधी पास कुनाला द्यायचा त्ये त्यालाच इचार."

रविवारी त्याने मला सहाच वेळा वाजवले. उरलेल्या आठ जणांनाही काय वाटले कोण जाणे, पावणेपाचला सगळे येऊन मैदानावर उभे राहिले. कोणी लहानांना पास शिकवला, कोणी पाणी भरले. त्यांना कोणीही बोलावले नव्हते.

सोमवारी हुमनाबादवरून बसने आम्ही गुलबर्ग्याला पोहोचलो. मैदान सिमेंटचे! आमच्या पोरांनी असले मैदान पाहिले नव्हते. मुरमावर गुडघ्यापर्यंत उसळणारा बॉल तिथे छातीपर्यंत येई. समोरचा संघ दांडगा होता. आम्ही हरलो. त्रेचाळीस विरुद्ध बारा. मी काही लपवून ठेवत नाही, साफ हरलो. पण शेवटच्या मिनिटापर्यंत आमचे एकही पोर रेफरीशी भांडले नाही, एकही रडत बाहेर आले नाही. आणि मडिवाळप्पाने शेवटी काखेतला बॉल सोडून असा सुरेख पास दिला की समोरची पोरेसुद्धा बघत राहिली. त्या पासवरच आमची शेवटची बास्केट झाली. जिल्ह्यात पहिला आलेला सगळा संघ पाण्याच्या बादल्या आणि टॉवेल घेऊन लहानांमागे धावत होता.

सामना संपल्यावर समोरच्या शाळेचे शिक्षक हात मिळवायला आले. "तुमचे प्रशिक्षक कोण?"

ईरण्णाने मागे वळून पाहिले. नागनाथ सर लांब, प्रेक्षकांत, भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ईरण्णाकडे बोट दाखवले. ईरण्णाने सरांकडे. ते शिक्षक दोघांकडे आळीपाळीने बघतच राहिले.

जानेवारीअखेर अमृतप्पांचा पाय बरा झाला. नागनाथ सरांची मुदत संपली होती आणि दुबलगुंडीच्या शाळेत त्यांना कायमची जागा मिळाली होती. त्यांनी मला अमृतप्पांच्या हातात दिले. मास्तर लंगडत मैदानावर आले, त्याच जुन्या छडीचा टेकू घेऊन. पावणेपाच व्हायला एक मिनिट होते. त्यांनी सवयीने मला ओठांपर्यंत नेले आणि समोर पाहिले. नऊ पोरे आणि आठवीतली पाच, पंधरातली चौदा रेषेवर उभी होती. एकजण नव्हता, तर त्याचा मित्र पुढे येऊन म्हणाला, "मास्तर, त्याला ताप हाय. सांगायला लावलाय."

अमृतप्पांनी मला न वाजवताच खाली सोडले. म्हणाले, "च्या मारी, नागनाथा!" एवढेच. इतकी वर्षे मी वाजण्याचा गर्व केला होता, पण खरा अभिमान मला त्या दिवशी वाटला, जेव्हा माझी गरज पडली नाही. पुढच्या वर्षी दहावीतल्या ईरण्णाने संघ पुन्हा गुलबर्ग्याला नेला आणि तो सामना आम्ही जिंकला. तेही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रुखरुख नको.

मग दिवस पालटले. अमृतप्पा निवृत्त झाले. प्लास्टिकच्या रंगीत शिट्ट्या आल्या. मी कपाटाच्या तळाशी, फुटक्या लेझमाखाली गेले. अंगावर हिरवा कळंक चढला, गोळी सुकून एका कोपऱ्यात चिकटली. चौदा वर्षे कोणी मला हात लावला नाही. वाईट वाटायचे. खोटे कशाला बोलू?

सत्त्याऐंशी साली शाळेत नवे खेळ-शिक्षक आले. दाराच्या चौकटीत डोके वाकवून आत शिरले तेव्हाच मी ओळखले. ईरण्णा सर! त्यांनी अख्खे कपाट उपसले आणि मला शोधून काढले. बाभळीच्या काट्याने गोळी मोकळी केली. मग कशाने घासले असेल मला? चिंचेने. पितळ चिंचेनेच उजळते ना! जिने एकदा माझी वाचा बंद केली होती, तिनेच मला पुन्हा सोन्यासारखे केले. घासताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीने पुसले आणि चिंच डोळ्यात गेली म्हणून सांगितले.

माझ्याच खिळ्याला त्यांनी एक पोस्टकार्ड अडकवले आहे. त्याचीही हकिकत सांगते. दुबलगुंडीला गेल्यावरही नागनाथ सर दर येळवसेला ईरण्णाच्या रानात जेवायला येत. गुरुबाई होती तोवर तिच्या शेजारी त्यांचा पाट असे. ती गेल्यावरही पाट तिथेच पडत राहिला. वीस वर्षांत एकही येळवस चुकली नाही. आणि गेल्या साली, येळवसेच्या आठ दिवस आधी हे पोस्टकार्ड आले. अक्षर थोडे कापरे होते. "प्रिय ईरण्णा, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले आहे. गुरुवारी रानात येता येणार नाही. नियमाप्रमाणे आधी कळवत आहे. पुढच्या सामन्यातून वगळू नये."

पोरांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढे मागण्याचा हक्क मला आहे. बॉल, जाळी, लेझीम यांनाही जपा. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच. कोणी तुमची वाट बघत मैदानावर उभे असेल, तर वेळेवर जा. जमणार नसेल तर तोंड उघडून सांगा. त्या येळवसेच्या सकाळी रिकाम्या मैदानावरून परत आलेला माझाच आवाज मला अजून ऐकू येतो. तो पुन्हा कोणाला ऐकायला लावू नका.

यंदाची येळवस जवळ आली आहे. ईरण्णा सरांनी काल पोस्टकार्ड आणून दुबलगुंडीला पाठवले. त्यावर एकच ओळ लिहिली आहे. "सर, तुम्ही येऊ नका, यंदा सगळा संघ आंबील घेऊन तिकडे येतो आहे, आधी कळवत आहे."